अजिनाथनं काढलेली तपासणी

वडवणीची तेजश्री आणि तिचा मित्र अजिनाथ यांनी कॉलेजात असताना एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा उभी केली. पुढं तो पुण्याला गेला, ही घरूनच नोकरी करू लागली. पण भाषा दोघांनी सोडली नाही. त्या भाषेत सिमलिंकचा एक घोळ होता. सिमलिंक म्हणजे दुसरीकडच्या फोल्डरचा नुसता पत्ता. लिनक्स चालणाऱ्या कॉम्प्युटरवर ती पुसली की तेवढा पत्ताच पुसला जायचा. विंडोजवर मात्र भाषा त्या पत्त्यालाच फोल्डर समजायची, आत शिरायची आणि मूळ फायली साफ करायची. तेजश्रीनं जिवाचं रान करून तपासणी लिहिली: कॉम्प्युटर कुठलाही असो, लिंकच्या आत शिरायचं नाही.

भाषेची नवी आवृत्ती अजिनाथ काढायचा. "नव्या आवृत्तीत तपासणी घेतलीस का?" तिनं विचारलं.

"घेतली की. सगळीकडं सारखंच चालतंय," अजिनाथ म्हणाला.

त्याच भरवशावर तिनं मावसबहिणीला, युसूफ वडगावच्या दीपमालाला, रेकॉर्डिंगच्या जुन्या प्रती साफ करायचा प्रोग्राम त्याच भाषेत करून दिला. दीपमाला ऊसतोडीत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करायची. तिनं विंडोजच्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला. प्रतींच्या फोल्डरात मूळ संग्रहाची लिंक होती. सगळा संग्रह रिकामा झाला.

तेजश्री मिळेल त्या गाडीनं गेली. दीपमाला रडत नव्हती.

"कौशल्याबाई दिवाळीत वारल्या. त्यांचा आवाज दुसऱ्या कुणाकडं न्हाई. तूच म्हणलीस ना, बिनघोर वापर?"

तेजश्रीनं तिथंच भाषेचा कोड उघडला. तपासणी कुठंच नव्हती. तिनं अजिनाथला फोन लावला.

"लई वेळ खात होती ती, अन् मला इकडं लोकांना भाषा जोरात पळताना दाखवायची होती. काढली," तो म्हणाला. "नंतर टाकणारच होतो."

"मग घेतली म्हणून कावून सांगितलंस?"

"तू ऐकली नसतीस."

तो ओशाळला असता तर तिनं कदाचित ऐकून घेतलं असतं. तिनं फोन ठेवला.

फायली परत मिळवायच्या खटपटीत थोड्या आठवणी हाती लागल्या. कौशल्याबाईंची एकही नाही. तेजश्रीनं भाषा वापरणाऱ्यांना सावध केलं, तपासणी घालून स्वतःची वेगळी आवृत्ती काढली आणि अजिनाथशी बोलणं तोडलं. दीपमालाला तिनं सगळं खरं सांगितलं.

"त्यानं तुला फसवलं, पटतंय मला," दीपमाला म्हणाली. चहा दिला, जेवायला थांबवलं. लॅपटॉप मात्र उचलून आतल्या खोलीत ठेवला.