रंगरावांचे हात

त्या हिवाळ्यात मला वारंवार एकच स्वप्न पडायचं. रिसोडच्या ओढ्याकाठचं आमचं मैदान, वर दाट पांढरं धुकं, आणि त्यातून एक लाल चेंडू खाली येतोय. येतोय, येतोय, पण पोचत नाही. मी हात पसरून उभा. जाग यायची तेव्हा दोन्ही तळवे उघडेच असायचे.

मी तेव्हा मराठी शाळेत मास्तर होतो, आणि गावच्या क्रिकेट संघात यष्टींमागे उभा राहायचो. जगदेव मास्तर म्हणून लोक ओळखत. दर संक्रांतीनंतर मंगरूळचा संघ लॉरीत बसून आमच्याकडे यायचा आणि आम्हाला हरवून जायचा. तीन वर्षं ओळीनं असंच झालं. फलंदाजीत आम्ही बरे होतो, पण झेल हातात टिकत नव्हते. तिसऱ्या वर्षी तर नऊ सुटले.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दौलतरावांच्या ओसरीवर बैठक बसली. दौलतराव आमचे कप्तान. मोठे शेतकरी, पण मैदानावर धोतराचा काचा मारून सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

"आता पोट्टे आणा," ते म्हणाले. "आपले गुडघे गेले. आपण वाकेवरी चेंडू ओढ्यात जाते."

मदनसिंग हवालदार भिंतीला टेकून बसले होते. पलटणीतून परतलेले, कामठीच्या छावणीत गोऱ्यांबरोबर खेळलेले. त्यांनी मिशी चोळली. "पाय कॅच नाही पकडत, दौलतराव. हात पकडते. अन् हात शिकवता येते. मले संक्रांतीपर्यंत टाइम द्या."

"चाळिशीच्या हाताले काय शिकवता?"

"अन् अठराच्या पायाले अक्कल कुठून आणता?"

शेवटी दोघांचंही ऐकायचं ठरलं, कारण दोघांशीही भांडायची कोणाची हिंमत नव्हती. तीन तरुण घ्यायचे, आणि रोज पहाटे सगळ्यांना मदनसिंगांनी शिकवायचं.

या सगळ्यात रंगराव आपल्या तळव्यांकडं बघत बसले होते. रंगराव माळी. गावालगत त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. दौलतरावांचे ते लहानपणापासूनचे जोडीदार. बारा वर्षं त्यांच्या हातातून सुटलेला झेल कोणी पाहिला नव्हता. चेंडू त्यांच्या दिशेनं उडाला की फलंदाज मागं वळूनही बघायचा नाही, बॅट काखेत मारून चालू लागायचा. पण गेली दोन वर्षं काहीतरी बिघडलं होतं. त्या नऊ झेलांपैकी चार त्यांचे होते.

दिवाळी सरली आणि सराव सुरू झाला. ओढ्यावरून वाफ उठायची, पलीकडच्या तुरीच्या शेतात पिवळा फुलोरा धुक्यात बुडालेला असायचा, आणि त्या पांढऱ्या शांततेत फक्त मदनसिंगांचा आवाज आणि तळहातावर चेंडू बसल्याचा थाप-थाप नाद. धुक्यात माणसं अर्धीच दिसायची. कधी वाटायचं, आम्ही कोणी खेळतच नाही, हातच तेवढे हवेत तरंगतायत.

तरुणांमध्ये सोमला होता. जवळच्या तांड्यावरचा, एकोणीस वर्षांचा. ज्वारीवरची पाखरं उडवण्यात त्याचं बालपण गेलेलं. असा धावायचा की जणू जमिनीला पाय लावायची त्याला गरजच नाही. दौलतराव खूश होऊन म्हणायचे, "पाहा हवालदार, याले म्हणतात पाय!" सोमला चेंडूपर्यंत पोचायचा, पण चेंडूवर दोन्ही हातांनी झडप घालायचा आणि तो उसळून बाहेर पडायचा. मग मदनसिंग म्हणायचे, "पाहा दौलतराव, याले म्हणतात हात!"

महिनाभरात आमच्यात फरक पडला. मी स्वतः सुजलेल्या बोटांनी खडू धरायचो, पण चेंडू हातात बसू लागला होता. फक्त रंगराव दिवसेंदिवस वाईट होत चालले. सोपा झेल यायचा, ते हात पुढे करायचे, आणि चेंडू त्यांच्या बोटांशेजारून वीतभर अंतरानं खाली पडायचा. मदनसिंगांनी त्यांना दुप्पट झेल दिले. दुप्पट पडले. रंगराव दर वेळी वाकून चेंडू उचलायचे, धोतराला पुसायचे आणि हसून परत फेकायचे.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. सराव संपला की ते सोमलाला बाजूला घ्यायचे.

"चेंडूले भेटायले जाऊ नको," ते सांगायचे. "तो तुह्याकडंच येऊन राह्यला. पाव्हणा आला त आपण त्याले दारातच पकडतो काय? घरात घेतो ना? तसे हात मागं ने."

सोमला हात मागं न्यायला शिकला. आधी तीनातला एक झेल घ्यायचा, मग दोन, मग तिन्ही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मी मळ्यावरून चाललो होतो. रंगरावांनी हाक मारली. गिरजाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, चहाची किटली आणून ठेवली आणि त्या वाफ्याकडं गेल्या. रंगरावांनी कप पुढे ठेवला आणि ओतायला घेतलं. चहाची धार कपाच्या कडेला बाहेरून लागली आणि मातीत जिरली. त्यांनी घाईनं कप बोटांनी चाचपला, किटलीची तोटी त्याच्या काठाला टेकवली, आणि मग ओतला.

 मी एक डोळा मिटला, समोरच्या पेरूच्या फांदीला बोट लावायला गेलो. बोट हवेतच राहिलं.

"रंगरावभाऊ, कोणता डोळा?"

त्यांनी नजर मिरचीच्या रोपांकडं वळवली. "उजवा. त्याच्यातून सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसते. दोन वर्सं झाले. डाव्यानं चेंडू दिसते मले, मास्तर, चांगला दिसते. पण तो जवळ हाय का दूर, ते समजत नाई."

"मग इतक्या पहाटा कशाला मार खाता? दौलतरावांना सांगा."

"सांगीन," ते म्हणाले. "पण एक सामना होऊ द्या. तुमाले माह्या गळ्याची शपथ."

गिरजाबाई परत आल्या. त्यांनी ओल्या मातीकडं एकदा बघितलं आणि पायानं कोरडी माती त्यावर ओढली. त्यांना ठाऊक होतं.

मी शपथ पाळली. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर मंगरूळचे लोक आले. निम्मं गाव ओढ्याकाठी जमलं. त्यांनी आधी फलंदाजी घेतली. आम्ही झेल घेत गेलो, एकामागून एक, आणि स्वतःच चकित होत गेलो. आमच्या संघातले पोट सुटलेले धान्याचे दलाल सावकाश मागं सरकून झेल घ्यायचे आणि हातातल्या चेंडूकडं असे बघायचे, जणू तो झाडावरून पिकून पडलाय.

त्यांचा शेवटचा गडी उरला. दुसऱ्या टोकाला त्यांचा जुना, दणकट फलंदाज होता. त्यानं टोला मारला आणि चेंडू सरळ वर गेला. इतका वर की आवाज थांबले. ओढ्यावरून बगळ्यांची रांग चालली होती. चेंडू तिच्यात शिरला, हरवला, पुन्हा सुटून खाली येऊ लागला. खाली रंगराव उभे होते.

 चेंडू बरोबर त्यांच्यावरच येत होता. त्यांना हलायचीही गरज नव्हती. त्यांनी मान वर केली, हात छातीपाशी आणले. तेच हात, बारा वर्षांचे. मग त्यांनी ते शांतपणे खाली सोडले.

"सोमला! तुहा हाय!" ते ओरडले आणि जागीच खाली बसले.

सोमला पंचवीस पावलांवर होता. तो कसा आला ते मी पाहिलंच नाही. एका क्षणी नव्हता, पुढच्या क्षणी बसलेल्या रंगरावांच्या डोक्यावरून त्याचे लांब हात पुढे आले. त्यानं झडप घातली नाही. हात मागं नेले, चेंडू पोटाशी घेतला, आणि दोघंही गवतात कोलमडले.

एकही झेल सुटला नव्हता. लोकांनी सोमलाला खांद्यावर घेतलं. त्यानंतर आम्ही फलंदाजीला गेलो आणि अकरा धावांनी हरलो. जी फलंदाजी आमची बरी म्हणून गाव सांगायचं, ती त्या दिवशी पार झोपली. तीन महिने आम्ही बॅटला हातच लावला नव्हता!

मंगरूळची लॉरी गेली. दौलतराव रंगरावांसमोर येऊन उभे राहिले.

"रंग्या, तो क्याच तुहा होता. काहून सोडला?"

"तो पडला असता, दौलत."

"तुह्या हातातून?"

रंगरावांनी डाव्या डोळ्यावर तळवा धरला. "आता मले तू दिसत नाई," ते म्हणाले. "दुधात कोणीतरी उभं हाय, एवढंच दिसते."

दौलतरावांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा पडला. "दोन वर्सं? अन् मले नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू मले काढलं नसतं. माह्यापायी तू स्वताच खेळणं सोडलं असतं."

 दौलतरावांच्या मागं मदनसिंग उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "मी तुले दुप्पट मारले, रंगराव," ते हळूच म्हणाले. "डोळा नाही पाहिला मी. हातच पाहत राहलो."

पुढच्याच आठवड्यात दौलतरावांनी रंगरावांना अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकलाय. शस्त्रक्रिया झाली. नंतर आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणं पडून राहायचं होतं, मान हलवायची नाही.

रविवारी मी भेटायला गेलो. खाटेच्या पायथ्याशी गिरजाबाई पातळाला टाका घालत होत्या. उशाशी दौलतराव स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. एकेक फोड निवडून, बी काढून, रंगरावांच्या तळहातावर ठेवत होते. पट्टीखालचा चेहरा शांत होता, तळवा किंचित खोलगट केलेला.

"मास्तर आले काय?" रंगरावांनी पावलांवरून ओळखलं. मग त्यांनी विचारलं, "दौलत, माह्या जागी कोणाले उभं करून राह्यला?"

"कोणालेच नाई. हवालदार म्हणते सराव वाढवा, मी म्हणतो पोट्टे वाढवा. भांडणच चालू हाय."

"सोमल्याले कर. अन् हवालदाराले सांग, त्याले जास्त शिकवू नको. थोडं त्याचं त्याले राहू दे."

"बरं," दौलतराव म्हणाले, आणि पुढची फोड सोलायला घेतली.