दहिसरचा देवदार

दहिसरच्या चाळीत, तळमजल्यावरच्या खोलीच्या मागच्या दारी देवदार लावायचा, हे खूळ सर्वेशच्याच डोक्यातून निघालं होतं. बोटीवर नोकरी करणाऱ्या माणसाला जगातली बंदरं पाठ असतात, पण आपल्या घरामागच्या हवेचा पत्ता नसतो. त्याचे वडील जयवंत गेले तेव्हा तो भर समुद्रात होता. बाराव्याला कसाबसा पोचला. गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत राहिलेल्या बाबांची एकच हौस राहून गेली होती, बर्फ बघायची. म्हणून सर्वेशने हिमाचलातून देवदाराचं रोप मागवलं, चांगली मोठी निळी कुंडी आणली, मातीत बाबांची मूठभर रक्षा कालवली आणि रोप लावलं.

त्याच्या आईने, सुगंधाने, तेव्हाच सांगितलं होतं, "अरे, हयल्या हवेत जगतला असा झाड लाव. तगर लाव, अनंत लाव. थंडीतला झाड हय घामान मरतला."

"मी लावलंय ते जगणार," असं ठणकावून सर्वेश पुन्हा बोटीवर गेला. बाबांचा हात शेवटी धरायला मिळाला नव्हता. निदान हे झाड तरी आपल्या हातून जगावं, एवढंच त्याला हवं होतं. फोन केला की पहिला प्रश्न झाडाचा. "बरा आसा," आई म्हणायची आणि विषय बदलायची.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तो घरी आला. बॅग टेकवून मागच्या दाराकडे वळला, तर आईने दंडाला धरून त्याला ताटावर बसवलं. "आदी जेव." ताटात वाफाळता भात आणि अळूचं फदफदं, फणसाच्या आठळ्या नि शेंगदाणे घातलेलं. बोटीवरच्या जेवणाला विटलेला गडी त्यावर तुटून पडला. दोनदा मागून घेतलं. तिसऱ्यांदा आईने न विचारताच वाढलं.

"झकास झालंय गं. कुठनं आणलंस अळू?"

"मागच्या दारचा."

मागच्या दारी कुंडी एकच होती. सर्वेशचा घास हातातच राहिला. तो उष्ट्या हाताने उठला आणि त्याने दार उघडलं. निळी कुंडी जागच्या जागी होती. देवदाराचा मागमूस नव्हता. सुपाएवढी अळूची पानं कुंडीभर माजली होती, आणि सकाळी कापलेले देठ बुडाशी अजून ओले होते.

आपण काय खाल्लं ते त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

"आई, ह्या मातीत बाबा आहेत. तू मला काय खायला घातलंस?"

"अळू," सुगंधा म्हणाली. "मी आठवड्यात दोनदा खातंय. शेजारची मानसी पण न्हेता. तिच्या झिलाक आवाडता."

म्हणजे शेजाऱ्यांनी, त्यांच्या पोरानेसुद्धा. सर्वेश मटकन उंबऱ्यावर बसला. "डोकं फिरलंय का तुझं? आणि झाड? फोनवर तर बरं आहे म्हणत होतीस ना?"

"चैतातच मेला. रोज एक काडी तांबडी पडत होती. पाणी घातलंय, सावली केलंय, सगळा केलंय. हॉस्पिटलात एकदा बघलंय मी ता. परत नाय बघवला माका. उपटून टाकलंय."

आता मात्र त्याला रागावताही येईना. तरी तो म्हणाला, "मग तगर लावायचीस. अळूच कशाला? आणि ते खायचं?"

सुगंधाने पदराने तोंड पुसलं.

"शेवटी बाबांनी तुझा नाव घेतल्यानी म्हणून सांगलंय ना तुका?"

त्याने मान हलवली. त्या एका वाक्यावर त्याने सबंध वर्ष काढलं होतं.

"घेतलेला नाय. अळू मागल्यानी. तीन दिवस ताच एक. किडनीसाठी डॉक्टरांनी अळू बंद केलेला. म्हटला, बरे होतले, मगे देऊ. नाय दिलंय मी, सर्वेश. पेज भरवत रवलंय."

"आणि बर्फ?" त्याने कसंबसं विचारलं.

"बर्फाचा कोण बोलता मरताना."

बाबांना आपण आठवलो नव्हतो, आपला तो हिमालयही आठवला नव्हता. त्यांना भूक लागली होती, आणि ते वर्षभर आईने एकटीने पोटात ठेवलं होतं.

"चल, जेव," आत जाता जाता ती म्हणाली. "ताट टाकून उठा नको."

तो येऊन ताटावर बसला. तिसऱ्यांदा वाढलेलं अळू तसंच होतं. ते त्याला खाववेना, आणि टाकवेना.