विसाव्याला ठेवलेला डोंगर

आमचे थोरले दीर विश्राम, गावचे गावकार, देवळातला पहिला मान त्यांचा. माणूस देवासारखा, पण फुशारकीची खोड भारी. त्या खोडीपायी अख्खा उतार गेला. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची कुमरी शेती. डोंगराच्या उतारावरचं रान तोडायचं, सुकवून भाजायचं, राखेत नाचणी पेरायची. दोन-तीन पिकं झाली की रान परत वाढेपर्यंत तो उतार विसाव्याला सोडायचा आणि दुसरा धरायचा. विसाव्याच्या उतारावर गुरं घालायची नाहीत, कोयता न्यायचा नाही, सरपणाची काटकीसुद्धा आणायची नाही. आणली तर देवळात सगळ्यांसमोर कान धरायचे.

संस्थान जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. सावंतवाडीहून जंगलखात्याचे साहेब आले. देवळासमोर खुर्ची टाकून बसले, वरच्या हिरव्यागार उताराकडे बोट केलं. "तिथं कोण जातं?"

भावजींनी छाती फुगवली, कचेरीतलं मराठी काढलं. "कोणी नाही साहेब! इतक्या वर्षांत माणूस नाही, ढोर नाही. आमचा गावच तसा आहे."

झालं! पावसाआधी तिथं सरकारी खांब आले. म्हणे, वापरात नसलेली जमीन, साग लावणार. अरे, बाळंतीण खाटेवर पडली म्हणून ती काय घरातली नव्हे?

मी भावजींना तोंडावर विचारलं, "मोठेपणा मिरवूक कोणी सांगलेला तुमका? आता पोरांका काय वाढू, सागाचो पालो?"

"मी खोटा काय सांगलंय गो?" ते म्हणाले. आणि खरंच, खोटं काहीच नव्हतं. त्याचाच तर संताप.

आता पुढच्या पेरणीची सगळी भिस्त खालच्या उतारावर. त्याचा विसावा पुरा व्हायला अजून दोन वर्षं होती. पुढच्या उन्हाळ्यात साहेब परत आले आणि बोट तिकडेच वळलं. भावजी तोंड उघडायच्या आत मी पदर खोचून पुढे झाले.

"आम्ही जातो साहेब. रोज. लाकूड तोडतो, गुरं चारतो." देवळासमोर उभी राहून धडधडीत खोटं बोलले.

"ठीक. उद्या सकाळी बघतो," साहेब म्हणाले.

घरी येऊन कोयता उचलला. जाऊबाईंना म्हटलं, "गोठो उघडा, गुरां खालच्या रानात घाला."

त्या घाबरल्या. "देवाक काय सांगतलंस गो?"

"देवाक म्हणा, साहेबाक विचार!"

गुरं कोवळे फुटवे मोडत आत घुसली. मी मनगटाएवढी झाडं सपासप पाडत गेले. भावजी वाटेवर बसून लहान पोरासारखे रडत होते. मीही रडत होते, पण हात थांबवला नाही.

सकाळी साहेबांनी उतार पाहिला. "नासधूस केलीत सगळी," म्हणाले. "पण वापर दिसतो." उतार आमच्याकडे राहिला.

तेव्हापासून गावात एकही उतार कोणी विसाव्याला सोडत नाही. नाचणी गुडघ्याला लागत नाही. आणि परवा तेच साहेब देवळासमोर बसून आम्हाला शिकवत होते, रान कसं राखायचं!