मध्यंतरातले मौन

कोणीच काही बोलत नव्हते. बालकर्डी थिसल या बंदरगावच्या फुटबॉल क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू बाकांवर माना खाली घालून बसले होते, बुटांवरचा चिखल फरशीवर ओघळत होता, आणि त्यांच्यासमोर त्यांचा प्रशिक्षक वॉल्टर गेडिस हाताची घडी घालून उभा होता. संघ दोन गोलांनी पिछाडीवर होता. अशा मध्यंतरात त्या किनाऱ्यावरचा कुठलाही प्रशिक्षक आरडाओरडा करतो, खेळाडूंच्या आया-आज्यांचा उद्धार करतो, निदान चहाचा एखादा कप तरी भिंतीवर फोडतो. वॉल्टर मात्र कर्णधाराकडे नुसता पाहत होता.

कर्णधाराच्या भुवईवरची खूण त्याला माहीत होती. त्याचा डावा गुडघा थंडीत कुरकुरतो हे माहीत होते. त्याच्या लग्नात आपण फार पिऊन गायलो होतो, तेही लख्ख आठवत होते. फक्त नाव आठवत नव्हते. जिथे ते नाव असायचे तिथे धुक्यातल्या समुद्रासारखे काहीतरी करडे आणि काठ नसलेले पसरले होते. वॉल्टर त्या धुक्यात उभा राहून वाट पाहत होता. नाव येईल, मग वाक्य येईल, मग राग येईल. समोरची माणसे त्या नजरेखाली हळूहळू लहान होत गेली. शेवटी बाहेर पंचाची शिट्टी वाजली आणि तो एवढेच म्हणाला, "जा."

ते गेले आणि त्यांनी तीन गोल केले.

स्थानिक वर्तमानपत्राने मथळा दिला, 'गेडिसचे मौन'. त्या गावात पुरुषाने कमी बोलावे हा सद्गुणच मानला जाई. बापाच्या दफनाला दोन शब्द पुरत, लग्नाच्या मागणीला एखादा जास्त. तेव्हा न बोलून सामना जिंकणारा माणूस त्यांना संताच्या जवळपासचा वाटला, यात नवल नव्हते. क्लबच्या दुकानात ओठांवर बोट ठेवलेल्या वॉल्टरचे चित्र असलेले कॉफीचे निळे मग विक्रीला आले. शेजारच्या गावांतले तरुण प्रशिक्षक वह्या घेऊन भेटायला येऊ लागले.

"मि. गेडिस, साधारण किती वेळ गप्प राहता तुम्ही?" त्यांतल्या एकाने विचारले.

"गरज असेल तेवढा," वॉल्टर म्हणाला. तरुणाने ते लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

तसे पाहिले तर वॉल्टरचे सगळे आयुष्यच कपाळाच्या जोरावर चालले होते. बापासारखे बोटीवर जायचे नाही म्हणून तो मैदानावर गेला, आणि पाय जेमतेम असल्यामुळे बचावाच्या मधोमध उभा केला गेला. पायांचे काम त्याने डोक्याने भागवले. सरावाच्या खोलीत छताला दोराने चेंडू टांगलेला असे. संध्याकाळभर तो त्याला टकरा देई. पावसात भिजलेले ते जुने चेंडू दगडासारखे जड होत. एकदा देशाच्या संघातही त्याला बोलावणे आले; तिथे तो कोट न काढता बाकावर बसला, आणि कोट न काढताच घरी परतला. पण बालकर्डीत त्याच्या कपाळाइतके भरवशाचे काही नव्हते, बंदराचा धक्कासुद्धा नाही. गावाने त्याचे डोके वापरून घेतले असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. गावाने त्याच्या डोक्यावर प्रेम केले, दर शनिवारी, हातात मटणाची गरम पाई धरून.

त्या सगळ्या वर्षांत त्याच्या पाठीमागे गोलमध्ये बर्टी मंकर उभा असे. बर्टी बुटका होता, चपळ होता, आणि उंच चेंडू आला की त्याचा आवाज साऱ्या मैदानावर घुमे: "वॉटी, तुझा!" वॉल्टर उडी मारी. ठप्प असा आवाज होई, चेंडू दूर जाई, आणि लोक टाळ्या वाजवत. आता बर्टी त्याचा मदतनीस होता, आणि म्हातारपणी अचानक फार बोलका झाला होता.

"इनिस, इकडे ये रे, बॉसना तुझ्याशी बोलायचंय," तो लांबूनच ओरडे, आणि येणारा कर्णधार म्हणजे इनिस, हे वॉल्टरला वेळेवर कळे. "बॉस, हा बघा आपला नवा भिडू, पीटरहेडचा गिब्सन, तोंड पाडून बसलाय!" वॉल्टरला त्याच्या बडबडीचा कंटाळा येई. घरी एल्स्पेथला वाटे, नवऱ्याला ऐकू कमी येते. तिने त्याच्या कानाला यंत्र बसवून आणले. आता त्याला आपली नाव नसलेली जागा अधिक स्पष्ट ऐकू येई.

हंगामातल्या शेवटच्या सामन्यात वरच्या श्रेणीत जायला बरोबरी पुरणार होती. वॉल्टरचा करार संपत आला होता आणि क्लबचे अध्यक्ष ग्रॅहम लॉरिमर, गावातल्या बेकरीचे मालक, नवे कागद खिशात घेऊनच आले होते. वॉल्टर आदल्या रात्री झोपला नव्हता. सही करायची तर कुणालातरी सांगावे लागेल. सांगायचे तर सही करता येणार नाही. आणि सोमवारी मैदानावर जायचे नसेल तर सोमवार कशासाठी असतो, हे त्याला कुणी कधी शिकवले नव्हते.

उत्तरार्धात इनिस एका उंच चेंडूसाठी उडाला आणि समोरच्याच्या डोक्यावर आदळला. तो ठप्प आवाज वॉल्टरने ओळखला. इनिस उठून बसला. संघाची फिजिओ शीना धावत गेली आणि डोक्याला मार बसल्यावर नियमाने विचारायचे प्रश्न विचारू लागली. तिच्यामागे वॉल्टरही रेषेपर्यंत गेला.

"कुठल्या मैदानावर आहेस तू?"

"आपल्याच की. मग काय चंद्रावर? बाजूला हो, शीना."

"मागच्या शनिवारी आपण कुणाशी खेळलो?"

इनिसने तोंड उघडले. मग त्याने वॉल्टरकडे पाहिले, परीक्षेत शेजारच्याकडे पाहावे तसे. उत्तरासाठी बॉसने नुसते ओठ हलवले असते तरी भागले असते. वॉल्टरने आपल्या आत पाहिले. तिथे मागचा शनिवार नव्हता. रेषेच्या दोन बाजूंना दोन माणसे एकाच प्रश्नापुढे उभी होती आणि नियम त्यांतल्या एकालाच बाहेर काढणार होता.

"बॉस, सांगा ना हिला, मी ठीक आहे."

"त्याला बाहेर काढ," वॉल्टर म्हणाला.

"बॉस!"

"बाहेर ये, पोरा. ज्याला शनिवार आठवत नाही त्यानं खेळू नये."

इनिसच्या जागी गिब्सन गेला. शेवटच्या काही मिनिटांत गोलसमोरच्या गर्दीत चेंडू त्याच्या ढुंगणावर आपटून आत गेला, आणि थिसल वर चढले. धक्क्याच्या बाजूच्या पायऱ्यांवर लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. कर्णधाराला काढण्याचा तो धाडसी निर्णय हीच गेडिसची प्रतिभा, असे सर्वांचे एकमत झाले.

क्लबच्या खोलीत व्हिस्की होती, मटणाच्या पाई होत्या, समितीची सगळी लाल तोंडे होती. लॉरिमरने कागद टेबलावर पसरले.

"आणखी दोन वर्षं, वॉल्टर. आणि आता नाही म्हणालास तर माझ्या दुकानात तुला पाव मिळणार नाही, सांगून ठेवतो."

वॉल्टरने पेन हातात घेतले आणि पुन्हा खाली ठेवले. "ग्रॅहम, आधी एक ऐक. त्या मध्यंतराला मी गप्प उभा होतो ना, तेव्हा मला कर्णधाराचं नाव आठवत नव्हतं. म्हणून गप्प होतो. आज शीनानं विचारलं, तेही मला आलं नसतं."

 मग लॉरिमरच्या पोटातून हसू वर आले आणि खोलीभर पसरले.

"नाव आठवत नव्हतं! ऐकलंत का रे? चेहरा बघा याचा, रेषसुद्धा हलत नाही! अरे, मला माझ्या जावयाचं नाव गेली सात वर्षं आठवत नाही, पण मी कुठं सामने जिंकतोय? हे मगांवर छापू आपण!"

"मी खरं सांगतोय."

"तेच तर!" लॉरिमर डोळे पुसत म्हणाला. "अशा तोंडानं सांगायला पाहिजे, तरच मजा!"

आयुष्यात प्रथमच वॉल्टरने पुरेसे शब्द वापरले होते आणि गावाने त्यांना टाळ्या दिल्या होत्या. सगळ्यांत फक्त बर्टी हसला नाही. तो ग्लास ठेवून बाहेर निघून गेला.

कागद तसेच सोडून वॉल्टर त्याच्या मागोमाग गेला. मैदान रिकामे झाले होते. पाईच्या तुकड्यांवरून सीगल भांडत होते आणि बर्टी वाकून सरावाचे चेंडू जाळीत भरत होता.

"तू हसला नाहीस," वॉल्टर म्हणाला.

"मला विनोद कळत नाहीत. गोलकीपरला कळले असते तर तो गोलकीपर झाला असता का?"

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

बर्टीने एक चेंडू जाळीत टाकला. "नाताळच्या आधीपासून. तू मला 'अहो' म्हणालास. तू मला उभ्या जन्मात कधी 'अहो' म्हणाला नव्हतास, वॉटी."

"आणि बोलला नाहीस."

"बोलतच होतो की लेका! दिवसभर घसा फोडून सगळ्यांची नावं कोण घेत होतं?"

वॉल्टर रेषेवर उभा राहिला. गवतावरचा चुना पावसाने फिकट झाला होता, पण कुठून आत आणि कुठून बाहेर ते अजून कळत होते.

"मी सही करणार नाही. आज एल्स्पेथला सांगतो, सोमवारी डॉक्टरकडे जातो. ग्रॅहमला हसू दे."

"जा. मी येतो सोबत."

"नवा माणूस आला की तुलाही काढतील."

"काढू देत. तसाही मला या पावसाचा वीट आलाय."

बर्टीने आणखी दोन चेंडू जाळीत टाकले. मग वॉल्टर म्हणाला, अगदी शांतपणे, जणू तो एखाद्या जुन्या सामन्याबद्दल बोलत होता:

"गंमत बघ, बर्टी. मागचा शनिवार गेला, पण ते सगळे सामने आहेत. एकूणएक. चेंडू वरून येतोय, मला माझ्या पाठीमागं तुझे बूट ऐकू येतायत. तू दोन पावलं पुढं येतोस. मग थांबतोस. आणि मग ओरडतोस, 'वॉटी, तुझा!'"

बर्टी जाळीचे तोंड बांधू लागला. गाठ बसेना.

"एवढंच विचारतो. त्यातले खरे तुझे, तू हातांनी धरायचे, किती होते रे?"

बर्टीने गाठ अर्धवटच टाकली, जाळी खांद्यावर घेतली, आणि दिवे मालवत चाललेल्या इमारतीकडे तो मागे न बघता चालू लागला. एक चेंडू जाळीतून निसटून गवतावर घरंगळला. तो उचलायलाही बर्टी थांबला नाही.