बिनपैशाचा ब्लॉग आणि आमचे मेकॅनिक

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. हात मशीनवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी, ही त्यांची कामाची पद्धत. सुई बदलायला आलेली बाई तासभर स्टुलावर बसून ऐकायची आणि घरी गेल्यावर शेजारणीलाही पाठवून द्यायची. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि यांचा आवाज गेला. जीव वाचला, पण त्या दिवसापासून हे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. गिऱ्हाइकं मी सांभाळायची.

लिहून बोला म्हणून मी त्यांना एक पॅड आणून दिलं. त्यावर ते फक्त 'चहा' लिहायचे. एके दिवशी मात्र भलंमोठं वाक्य लिहिलं: 'दुकान शेजारच्याला देऊन टाकू.' शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा आमच्या जागेवर कधीपासून डोळा होताच. महिनाअखेरीला उत्तर विचारायला येतो म्हणाला. दुकान गेलं तर हे घरातही असंच भिंतीकडे बघत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

दुकानाची एक वेबसाइट होती. ओळखीतल्या एका हुशार माणसाने बनवलेली. तिच्यावर एक बाई मशीनपुढे बसून हसते आणि मशीनमध्ये दोराच नाही. दुकानाची वेळ बदलायची म्हणून त्याला फोन केला, तर म्हणाला, टेक्निकल काम आहे, बघतो. तो अजून बघतोच आहे.

भाची आली तेव्हा मी तिच्यापुढे त्याच्या नावाने बोटं मोडली. तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडून फुकटच्या ब्लॉग सॉफ्टवेअरवर आमची नवी साइट उभी केली. फुकट म्हटल्यावर मला संशय आलाच. यात मेख काय, असं मी खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, साइटच्या पत्त्याला त्या कंपनीच्या नावाचं शेपूट राहील, एवढंच. मनात येईल ते लिहायचं, बटण दाबायचं, चुकलं तर आपणच बदलायचं. वाचणारे खाली प्रश्न विचारतात, त्यांना उत्तर द्यायचं. कुणाच्या हातापाया पडायला नको.

पहिला लेख मीच लिहिला. इतकी वर्षं यांचं बोलणं कानावर पडतंय, मला काय येत नाही? कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत असेल तर दोष खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचा, तिचा स्क्रू आवळा, असं ठणकावून लिहिलं आणि कौतुकाने यांच्यापुढे धरलं.

वाचता वाचता हे लालबुंद झाले. टेबलावर स्क्रूड्रायव्हर आपटून वर बोट दाखवायला लागले. मला वाटलं, पंखा लावायला सांगताहेत. लावला. त्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटाने लिहायला बसले.

'खालचा गुंता वरच्या दोऱ्यामुळे होतो. कापड दाबणारा पाय वर उचला आणि दोरा नव्याने ओवा. बॉबिनला हात लावू नका, ती बिचारी निर्दोष आहे. वरच्या लेखातली चूक आमच्या सौभाग्यवतींची. त्या काउंटरवर बसतात, मशीनवर नाही.'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली लिहिलं, काउंटरवर बसणारीच तुम्हाला चहा करून देते. त्यांनी त्याखाली लिहिलं, चहातही दोष आहेत, पण तो वेगळा लेख होईल.

लोकांना हे भांडण फार आवडलं. प्रश्न यायला लागले. मशीनला तेल कुठलं घालू, एवढंच कुणी विचारलं तरी हे आपल्या गुरूंपासून सुरुवात करायचे आणि तेलापर्यंत पोचायला जेवणाची वेळ व्हायची. लिहिताना हातवारेसुद्धा करायचे. मधेच गप्प बसले की मी मुद्दाम एखादी चूक लिहून टाकायची. ते अजून त्यांना कळलेलं नाही, आणि मी सांगणारही नाही.

महिनाअखेरीला झेरॉक्सवाला टेप घेऊन आला. भिंत मोजून झाल्यावर म्हणाला, "मग काका, काय ठरलं?"

यांनी पॅडवर दुकान द्यायचं म्हणून लिहिलं होतं, त्यानंतर तो विषय परत काढलाच नव्हता. त्यांच्या वतीने उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. यांनी त्याला हातानेच थांब म्हटलं, हातातलं वाक्य पुरं केलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

कुणा बाईंनी विचारलं होतं, 'काका, तुम्ही दुकानातही इतकं बोलता का?'

खाली यांचं उत्तर होतं: 'याहून जास्त. दुकान चालूच राहणार आहे. सवड काढून या.'

झेरॉक्सवाल्याने ते वाचून टेप गुंडाळली. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, तरी मी काउंटरवर बसून हुंदके देऊन रडले.