सोमालियाला गेलेली कॉफी

ही गोष्ट १९९४ सालची. त्या वर्षी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून दोन डबे कॉफी समुद्र ओलांडून सोमालियाला गेली. ती मी दळलेली होती.

मित्रांनो, मी एक जुनी हातगिरणी आहे, कॉफी दळायची. बिडाचे अंग, वर पितळेची वाटी आणि बाजूला लाकडी मुठीचा दांडा. मला फळीच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचे, वाटीत भाजलेल्या बिया टाकायच्या आणि दांडा फिरवायचा. माझ्या पोटात दोन दातेरी चकत्या आहेत. त्यांच्यामधून खर्र खर्र करत पूड खाली पडते. मला दुसरे काही येत नाही.

कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला सांगता येणार नाही. आठवतो तो बंगळुरूचा बाजार. १९६८ साली तिथे एक तरुण जवान बायकोला साडी घ्यायला आला आणि मला घेऊन गेला. त्याचे नाव धोंडीराम. पलटणीतल्या दक्षिणेकडच्या मित्रांनी त्याला कॉफीची चटक लावली होती. सुट्टीवर घरी आल्यावर त्याने ट्रंक उघडली तेव्हा त्याची बायको आक्काताई दारातच उभी होती.

"सहा म्हैन्यांनी आला, ते बी लोखंड घिऊन!" ती म्हणाली.

त्या साडीची तिने पुढे पंचवीस वर्षे त्याला आठवण करून दिली. त्याने आणलेली कॉफी मात्र तिने कधी तोंडाला लावली नाही.

धोंडीराम हवालदार होऊन निवृत्त झाला आणि घरी आला. तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. पेठेतल्या एका दुकानदाराकडून तो कच्च्या, हिरवट बिया आणायचा. दर रविवारी सकाळी शेगडीवर लोखंडी कढई ठेवायचा आणि त्या स्वतः भाजायचा. कढईजवळ तो कुणाला येऊ देत नसे. कान देऊन ऐकत बसायचा. बिया आधी मोठ्याने तडतडतात, मग गप्प होतात आणि नंतर पुन्हा बारीक आवाजात तडतडू लागतात. ही दुसरी तडतड सुरू झाली की तो कढई झटकन उतरवायचा, बिया सुपात पाखडायचा आणि एक बी दाताखाली फोडून बघायचा. कुणी चिकोरीच्या मुळांची भुकटी मिसळलेली कॉफी पुढे केली तर म्हणायचा, "ही कॉफी न्हाय, भिजवल्याली बिडी हाय."

रोज सकाळी सहाला तो लागेल तेवढीच पूड माझ्याकडून दळून घ्यायचा. त्याचा मुलगा प्रसेनजीत लहानपणी त्याच्या मांडीवर बसून माझा दांडा फिरवायचा. पुढे तोही बापासारखाच फौजेत गेला. १९९३ साली त्याची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर सोमालियाला निघाली. निघताना धोंडीरामने त्याला कॉफी पाजली आणि पाठीवर थाप मारली. दोघे फार काही बोलले नाहीत. बापलेक एरवीही फार बोलत नसत. एकत्र बसून कॉफी प्यायचे, तेच त्यांचे बोलणे होते.

जानेवारी १९९४ मध्ये धोंडीराम झोपेतच गेला. त्या दिवशी सकाळचे सहा वाजले, सात वाजले, तरी माझ्या दांड्याला कुणी हात लावला नाही.

प्रसेनजीतला निरोप मिळेपर्यंत सारे विधी उरकले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला होता. एवढ्या लांबून त्याला येता आले नाही.

आता मित्रांनो, पुढचे नीट ऐका. पुढे जे चुकले त्याचे मूळ इथे आहे.

घरात आक्काताई एकटीच राहिली. पंचवीस वर्षे माझ्या ज्या खरखरीला ती नावे ठेवत होती ती थांबली आणि तिला सकाळी घर खायला उठू लागले. आठवडाभराने ती माझ्याजवळ आली. कॉफी तर तिला नको होती. तिने फडताळातून वाळलेल्या लवंगी मिरच्या काढल्या, माझ्या वाटीत टाकल्या आणि दांडा फिरवला. खर्र खर्र आवाज झाला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग रोजचेच झाले. कधी मिरची, कधी धने, कधी जवस. तेवढ्या तिखटाची तिला गरज नव्हती. शेजारच्या चिमणाबाईला ती वाटीवाटीने देऊन टाकायची.

माझ्या चकत्यांना तिखट झोंबत होते. तरी मी तक्रार केली नाही. दांडा फिरतो आहे, एवढ्यावर मी समाधान मानले.

मार्चअखेर प्रसेनजीतचे पत्र आले. आक्काताई चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून ती मोठ्याने वाचू लागली.

"आई, आबा गेले हे मला अजून खरं वाटत नाही. इथं सगळं चालू आहे तसंच चालू आहे. गाड्यांचे ताफे पोचवतो, परत येतो. पाण्याला औषधाचा वास येतो, दुधाची भुकटी असते, चहाला चव नाही. झोप लागत नाही. आई, आबा करायचे तशी कॉफी पाठव. एकदाच पाठव. आमच्या पलटणीतला कुरुंदवाडचा बाळासो सुट्टीवर गावी आलाय. तो दोन एप्रिलला, शनिवारी, संध्याकाळच्या गाडीनं निघेल. त्याच्याजवळ दे."

त्या दिवशी मंगळवार होता.

"अगं, तुला येती का करायला?" चिमणाबाईने विचारले.

"मला कुठली येतीया? मला कढईजवळ तरी उभं करत हुतं का ते!"

"मग दुकानातनं इकत घे की डबा, आन दे पाठवून."

"दुकानातली न्हाय मागितली त्यानं," आक्काताई म्हणाली. "आबांची मागितलीया."

बुधवारी तिने पहिली कढई चढवली. धूर पार गल्लीपर्यंत गेला. चिमणाबाई दारातून ओरडली, "आक्काताई, कॉफी भाजतीयास का खुर्ची?" बियांचा कोळसा झाला होता. गुरुवारी ती भ्याली आणि कढई लवकर उतरवली. त्या बिया माझ्या दातांत आल्या तेव्हा मला कळले की आतून त्या हिरव्या आहेत. त्या लाकडासारख्या चिवट फुटत होत्या. नवऱ्याने भाजलेल्या बिया कशा मोडतात हे तिच्या हाताने पूर्वी कधी अनुभवले नव्हते, पण दांडा जड जातो आहे एवढे तिला समजले. तिने ती पूड बाजूला काढली आणि भिंतीला टेकून बसली.

"काय करत हुता तुमी?" तिने धोंडीरामच्या रिकाम्या पाटाला विचारले. "कान देऊन काय ऐकत हुता?"

शुक्रवारी तिने घराचे दार लावले, रेडिओ बंद केला आणि कढईशी तसाच कान दिला. पहिली तडतड झाली. मग शांतता. ती हलली नाही. मग बारीक, वाळक्या पानांवर पाऊल पडावे तशी दुसरी तडतड आली, आणि तिने कढई उतरवली.

मित्रांनो, त्या बिया पोटात आल्या तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हुबेहूब धोंडीरामच्या बिया होत्या! पण माझा जीव वेगळ्याच कारणाने टांगणीला लागला होता. दळण्याआधी आक्काताईने मला धुतले, पुसले, दोनदा मूठमूठ तांदूळ दळून काढले. ती आपल्या परीने चुकली नव्हती. परंतु माझ्या चकत्यांच्या खाचांत दोन महिन्यांचे लवंगी मिरचीचे तिखट जाऊन बसले होते. मला खोलून घासायला हवे होते. मला खोलता येते हेच तिला ठाऊक नव्हते. ते काम धोंडीराम करायचा. मला ओरडून सांगायचे होते, "थांब, आक्काताई!" पण गिरणीला दळण्याखेरीज तोंड नसते.

तिने चव बघायला थोडी कॉफी केली. स्वतः पीत नसल्यामुळे चिमणाबाईला बोलावले. चिमणाबाईने उभ्या जन्मात कोरी कॉफी चाखलेली नव्हती. तिने एक घोट घेतला.

"कडू हाय."

"कडूच असती न्हवं. अजून?"

"घशात शेकतंय की गं. झ्याक हाय! उगंच न्हवतं भावोजी रोज पीत."

कोल्हापूरच्या जिभेला तेवढे तिखट म्हणजे काहीच नव्हे. आक्काताईला हायसे वाटले. तिने पूड दोन डब्यांत भरली, झाकणांना मेण लावले, डबे मांजरपाटाच्या कापडात शिवले आणि शनिवारी स्वतः स्टेशनवर घेऊन गेली.

बाळासो गाडीच्या दारात उभा होता. "मावशी, एवढं काय दिलंय? सोनं हाय का काय ह्यात?"

"त्याच्या बाची कॉफी हाय," ती म्हणाली. "डोसक्याखाली घिऊन झोप, पर सांडू नगंस."

मग वाट पाहणे सुरू झाले. एप्रिल गेला, मे गेला. त्या दिवसांत आक्काताईने माझ्यात काहीच दळले नाही. "त्याचं पत्र येऊ दे," एवढेच म्हणायची. आपल्याला जमले की नाही, पोराला बाप भेटला की नाही, हे कळल्यावाचून तिचा हात दांड्याकडे जात नव्हता.

जूनमध्ये पत्र आले. पहिलीच ओळ अशी होती: "आई, तू कॉफीत मिरची घातलीस का?"

आक्काताईच्या हातातून पत्र गळून पडले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि क्षणात तिला सारे उमगले.

"चिमणे!" पत्र उचलून ती शेजारी धावली. "अगं, तुझ्या घशात शेकत हुतं ते तिखट हुतं गं! सत्यानास केला मी. आबांची कॉफी मागितली पोरानं, आन मी त्याला मिरची पाजली."

"आधी पत्र तर वाच फुडं!" चिमणाबाई म्हणाली. "का पैल्या वळीवरच रडतीयास?"

तिने पुन्हा बोट ठेवले.

"आम्ही आठजण प्यायला बसलो होतो. पहिल्या घोटालाच सगळ्यांना ठसका लागला. आमचे सुभेदारसाहेब तमिळनाडूचे. ते म्हणाले, 'ये कॉफी है या बारूद?' पण दुसरा कप त्यांनीच मागितला. आई, वास बरोबर आबांचा होता. घोट घेतला, आणि मागून तुझं तिखट आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं ते थांबेना. इथं एका तंबूत आम्ही वीसजण झोपतो. निरोप आल्यापासून मला रडायला जागाच मिळाली नव्हती. त्या दिवशी सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही. मी पोटभर रडून घेतलं. रात्री झोप लागली. आबा गेले, आई. आता मला कळलं."

आक्काताईने पत्राची घडी घातली. चिमणाबाईने पदराने नाक पुसले आणि म्हणाली, "बघ. मी म्हटलं हुतं का न्हाय, झ्याक हाय म्हणून?"

त्याच दिवशी आक्काताईने पेठेतल्या एका मिस्त्रीकडून मला खोलायला शिकून घेतले. चकत्या राखेने घासल्या, उन्हात वाळवल्या. नंतर सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या एका जवानाबरोबर पाठवलेली कॉफी अगदी स्वच्छ होती. प्रसेनजीतने कळवले, "ही बरोबर आबांची. पण पोरं विचारतायत, बारूद कधी येणार?"

डिसेंबरात पलटण परतली. तो घरी आला, बूटही न काढता माझ्याजवळ आला आणि रिकामाच दांडा एकदा फिरवला. आक्काताईने भाजलेली कॉफी दोघांनी मिळून घेतली. तिने तोंड वाकडे केले, पण कप संपवला. त्यानंतर ती रोज सकाळी सहाला पिऊ लागली.

मग माझे पडते दिवस आले. घरात मिक्सर आला. बाटलीतली तयार कॉफी आली. चमचाभर टाकली की झाले. माझ्या दांड्याची मूठ निखळली, ती कुणी बसवली नाही. २००३ साली मला पोत्यात घालून माळ्यावर ठेवले आणि तिथे मी गंजत पडले. एकदा तर भंगारवाल्याच्या तराजूपर्यंत जाऊन आले. प्रसेनजीतची बायको शिवानी मला वजनावर देत होती. तेव्हा म्हाताऱ्या आक्काताईने काठी टेकत येऊन मला तराजूतून उचलले. "ती माझी साडी हाय," ती म्हणाली. भंगारवाल्याला काही कळले नाही. शिवानीला मात्र तिने त्या दिवशी सगळी हकिकत सांगितली.

बाळासो फौज सोडून कुरुंदवाडला परतला. त्याच्या गोठ्यात आठ म्हशी आहेत, आणि तो चहाच पितो. सुभेदारसाहेबांची दरवर्षी नववर्षाला दोन ओळींची चिठ्ठी येत असे. २००५ नंतर आली नाही. चिमणाबाई त्याच सुमारास लेकीकडे कळंब्याला राहायला गेली आणि तिथेच वारली. आक्काताई २००७ च्या थंडीत गेली. तेव्हा प्रसेनजीत घरीच होता. त्याने खांदा दिला, आणि सगळ्यांसमोर रडला.

तो आता निवृत्त झाला आहे. त्याने मला तेल दिले, नवी मूठ बसवली आणि शिवानीने स्वयंपाकघरातली एक फळी मला मोकळी करून दिली. मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर माझ्यासारखे कुणी पडले असेल. त्याला खाली काढा, पुसा, तेल द्या. फक्त घासण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, त्याला कशाचा वास येतो आणि तो का येतो.

दर जानेवारीत, धोंडीरामच्या स्मृतिदिनी, प्रसेनजीत दार लावून, कान देऊन बिया भाजतो. त्या माझ्या वाटीत टाकण्याआधी तो एक वाळलेली लवंगी मिरची टाकतो, दांडा फिरवतो आणि चकत्या कोरड्या फडक्याने हलकेच पुसतो. फार नीट पुसत नाही.