माझ्या काचेवरचा वजा

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, जुना म्हटल्यावर नाक मुरडू नका. तुमच्या हातातले आजचे चकचकीत फोनही उद्या माझ्याच रांगेत येऊन बसणार आहेत.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी मला जोडले, पुसले, पेटीत निजवले. तिथून मी आलो एका इस्त्रीवाल्या बाईंच्या हाती. सुरुवातीला काय माझे लाड! मऊ कापडाची पिशवी शिवली होती. गिऱ्हाइकांना बाई सांगायच्या, "फोन नाही हो, उजवा हात आहे माझा." मग पिशवी फाटली आणि उजवा हात दुकानाच्या किल्ल्यांबरोबर एकाच खिशात कोंबला गेला. एका किल्लीने माझ्या काचेवर, अगदी खालच्या बाजूला, ओरखडा काढला. आडवा, तांदळाच्या दाण्याएवढा. किल्लीला कोणी काही बोलले नाही. पुढे नवा फोन आला आणि मी गेलो खणात, सुट्या बटणांच्या सोबतीला.

मला बाहेर काढले ते बाईंच्या लेकीने. ती गणितात आणि रसायनशास्त्रात नापास झाली होती. फेरपरीक्षा जवळ आली होती. तिची आत्या दुकानात कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "या वेळी आपटली तर शाळा पुरे. इस्त्री धरू दे हातात. गरम असते, अक्कल लवकर येते." त्यावर बाई इस्त्री जोरात आपटत.

शिकवणी लावणे जमण्यासारखे नव्हते. मग लेक मला चादरींच्या गठ्ठ्याला टेकवायची आणि इंटरनेटवर प्रश्न विचारायची. तिथे अनोळखी माणसे उत्तरे देत. त्यांतल्या एकाने स्वतःच्या फोटोच्या जागी घुबडाचे चित्र लावले होते. ते आमचे घुबडमास्तर. गणिताचा फोटो काढायचा झाला की बाई वही धरून उभ्या राहत.

"आई, हलू नकोस."

"श्वास तरी घेऊ का?"

उत्तर यायचे ते माझ्या पडद्याच्या तळाशी. लेक ते उतरवून घ्यायची आणि मला पालथा घालायची. कसे आले, का आले, विचारायचे नाव नाही.

"क्षची किंमत किती निघाली गं?" बाई विचारत.

"वजा चार."

"एवढा घाम गाळून वर वजाच?"

शाळेत ते गणित चूक निघाले. पुढचेही चुकले. रसायनशास्त्रात तर तिने पाण्याच्या रेणूवर ऋण प्रभार लिहिला. शिक्षकांनी लाल शाईत विचारले, "पाण्याला विजेचा धक्का बसला काय?" आत्याला आयतेच फावले. लेक चादरींत तोंड खुपसून रडली, आणि मग तिने घुबडमास्तरांना लिहिले, "तुमची उत्तरं चुकतात. माझी शाळा बंद होईल."

मास्तर रागावले नाहीत. "ताई, मी चार लिहिलं होतं. वजा कुठून आला? आता एक कर. उत्तर कोणाचंही असो, माझंसुद्धा, ते क्षच्या जागी घालून बघ. दोन्ही बाजू जुळल्या तरच मान. रसायनातही दोन्हीकडचे अणू मोज, प्रभार मोज."

लेकीने वजा चार घालून पाहिले. दोन्ही बाजू एकमेकींचे तोंड बघेनात. नुसते चार घातले, तर जुळल्या. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिले. वजा होताच. तिने बोटाने पान वर सरकवले. चार वर गेला आणि वजा जागच्या जागी राहिला.

"आई! हा वजा मास्तरांचा नाही, तुझ्या किल्लीचा आहे!"

बाईंनी इस्त्री उभी केली. माझ्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "मेल्या, माझ्या पोरीला नापास करत होतास होय?"

बघा मित्रांनो! ओरखडा काढणार किल्ली आणि मेल्या कोण, तर मी! पण आवाजात माया होती, म्हणून ऐकून घेतले.

त्यानंतर लेक मास्तरांना विचारू लागली, "ही पायरी कशी आली?" उत्तर आले की मला पालथा घालून आधी स्वतः ताडून बघायची. एकदा तिने मास्तरांचीच चूक पकडली. त्यांनी लिहिले, "शाब्बास." तो एवढासा शब्द तिने आईला तीनदा वाचून दाखवला.

परीक्षेला मला नेता येत नव्हते. मी चादरींवर पडून राहिलो. बाई एकाच बाहीवर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत होत्या. आत्याच्या घड्या वाकड्या पडत होत्या. लेक दारात दिसताच आधी आत्याच उठली, "काय झालं गं?"

"सगळी घालून पाहिली. जुळली."

निकाल लागला तेव्हा दोन्ही विषय सुटले होते. लेक आनंदाने धावत टेबलापाशी आली, तर आत्याने चटकन इस्त्री बाजूला ओढली. "हात नको लावूस. भाजेल."

बाई म्हणाल्या, "याची काच बदलून आणू."

"नको," लेक म्हणाली. "तो वजा दिसला की मी तपासते."

मित्रांनो, अडलात की आम्हाला खुशाल विचारा. पण आम्ही दाखवलेले घालून पाहिल्याशिवाय मानू नका. आणि किल्ल्या तेवढ्या दुसऱ्या खिशात ठेवा.